नव्वदच्या खाली

सोमवार, ४ ऑगस्ट

ठिणगी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून पहिल्यांदा आईचा विचार मनात आला असेल. आई ठणठणीत आहे. कालच तिने माझ्या हातच्या चहाला "हे काय, औषध?" म्हणून नावं ठेवली. तेव्हा घाबरू नकोस. हे पत्र कामाचं आहे.

फोन करता आला असता, पण तो तू ठेवून दिला असतास. पत्र फाडायला निदान दोन हात लागतात, आणि तेवढ्यात माणूस दोन ओळी वाचतो.

काम असं. शिकाऊ भूलतज्ज्ञांसाठी आमच्याकडे एक पुस्तिका छापायची आहे. प्रमुखांच्या डोक्यातून निघालंय. प्रमुख म्हणजे आपला लांब्या, ज्याने नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दाराला कपाळ आपटून घेतलं होतं, तोच. आता तो खोलीत आला की लोक उभे राहतात. मी राहत नाही.

पुस्तिकेत सातव्या पानावर आपलं सात वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे. कुणाचंही नाव नाही, पण इथे सगळ्यांना माहीत आहे आणि तुमच्याकडेही असेल. म्हणून कायदा बघणाऱ्या बाईंना तुझी लेखी संमती हवी आहे. मजकूर असा:

"फुप्फुसाच्या ऑपरेशनात रुग्ण कुशीवर असतो. ज्या फुप्फुसावर काम करायचं ते रिकामं करून निजवून ठेवतात, आणि सगळा श्वास दुसऱ्या एकट्या फुप्फुसाकडून चालवतात. घशातून घातलेल्या दुहेरी नळीने हे साधतं. रक्तातला ऑक्सिजन टक्क्यात नव्वदच्या खाली जाऊ लागला, तर भूल देणाऱ्याने सर्जनला मोठ्याने सांगावं. एका प्रकरणात भूलतज्ज्ञाने दोनदा सांगितलं. सर्जनने 'दोन मिनिटं' म्हणून काम चालू ठेवलं. रुग्ण वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. म्हणून नियम: दोनदा सांगून ऐकलं नाही, तर तिसऱ्यांदा ओरडा."

धडा चांगला आहे. मी दरवर्षी शिकवते. गेल्या महिन्यात एका नव्या मुलीने खरोखरच एका ज्येष्ठ सर्जनवर ओरडून ऑपरेशन थांबवलं. ते गृहस्थ दोन दिवस तोंड फुगवून होते, तिसऱ्या दिवशी स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन आले. रुग्ण आठवड्यात चालत घरी गेला.

सोबतच्या कागदावर सही करून वीस तारखेच्या आत पाठव.

तुमच्या रुग्णालयात फुप्फुसाचा विभाग सुरू होतोय, त्यांनी तुला विचारलं आणि तू नाही म्हणालीस, असं आईकडून कळलं. का, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ताई

शनिवार, १६ ऑगस्ट

ठिणगी,

सही मिळाली. सोबतची चिठ्ठीही मिळाली.

तू लिहिलंस, "ताई, धडा बरोबर आहे. त्यात एक वाक्य वाढव म्हणावं, की सर्जनने आपले कान तपासून घ्यावेत. मी तीनदा तपासले. तिन्ही वेळा चांगले निघाले. म्हणजे खोट कानात नाही, माझ्यात आहे. आत हात गेला की मला माणसाचा आवाज ऐकू येत नाही. असल्या माणसाने हर्निया शिवावेत. फुप्फुसाला हात लावू नये."

हे काय लिहिणं झालं? तुझ्यासारखा हात या भागात कुणाचा नव्हता. हातातलं काम असं टाकून देतं का कुणी? आणि तीनदा कान तपासायचे म्हणजे काय, ते काय दुधाचे दात आहेत हलतायत का बघायला?

कामात बुडालेल्या माणसाला ऐकू येत नाही, हे काही जगावेगळं नाही. ते विसर. विभागाला हो म्हणून कळव. वय पंचावन्न होईल तुझं आता, आणखी पाच वर्षं थांबलीस तर हात थरथरतील.

आई म्हणते, पत्रं कशाला, फोन कर. मी म्हटलं, बघू.

ताई

रविवार, १७ ऑगस्ट

ठिणगी,

कालचं पत्र टपालात गेलं. गेलं नसतं तर फाडलं असतं. त्यात एक वाक्य सोडून बाकी सगळी टाळाटाळ आहे. ते एक वाक्य, तुझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, तेवढं ठेव.

आता जे लिहिते ते उभ्याने वाचू नकोस.

मी सांगितलंच नव्हतं.

दोनदा नाही, एकदाही नाही. नव्वदच्या खाली गेल्यावर मी पाच मिनिटं तोंड उघडलं नाही. तुझे कान चांगले आहेत कारण ऐकायला काही नव्हतंच.

कारण विचारशील. कारण लिहायलाही लाज वाटते, पण ते सोडून बाकीचं लिहिलं तर पुन्हा अर्धंच होईल. त्याच्या आदल्या दिवशी एका बाईंच्या ऑपरेशनात मी तुला दोनदा थांबवलं. एकदा ब्याण्णववर, एकदा एक्याण्णववर. दोन्ही वेळा आकडा आपोआप वर आला. तेव्हा तू हातातला चिमटा तसाच धरून म्हणालीस, "ताई, तू भूल देतेस की भीती?" सगळं थिएटर हसलं. लांब्या हसला, फरशी पुसायला आलेल्या बाई हसल्या, मीही हसले. कपडे बदलायच्या खोलीत तू विचारलंस, "रागावलीस?" मी म्हटलं, "छे."

रागावले नव्हतेच. रुसले होते. चोपन्न वर्षांची बाई, चोवीस वर्षं भूल देणारी, धाकट्या बहिणीवर रुसून बसली होती. मनात ठरवलं होतं की आता स्वतः विचारल्याशिवाय हिला काही सांगायचं नाही.

चौकशीत विचारलं, "सर्जनना कल्पना दिली होती का?" मी म्हटलं, "दोनदा." इतकं पटकन निघालं तोंडातून की मलाच खरं वाटलं. मग त्यांनी तुला विचारलं. तू काय म्हणालीस ते तुला आठवतंय? मला रोज आठवतं. "मला ऐकू आलं नाही. पण ताई म्हणतेय तर म्हणाली असेल."

तिथेच उठून बोलायला हवं होतं. नाही बोलले. नंतर तू बदली मागून गेलीस, आणि मी या प्रकरणाचा धडा केला.

ताई

मंगळवार, २ सप्टेंबर

ठिणगी,

पंधरा दिवसांनी तुझी एक ओळ आली. "मिनिटं लिहून दे." माझं नावही नाही वर, तुझं नाही खाली. ठीक आहे. लिहून देते. मॉनिटरच्या कागदाची प्रत माझ्या कपाटात आहे, ती समोर ठेवून लिहितेय. आकडे कागदावरचे, बाकीचं माझ्या डोक्यातलं.

११:०६. सत्त्याण्णव. रुग्ण डाव्या कुशीवर, उजवं फुप्फुस रिकामं, डावं एकटं चालू. तू मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचली होतीस. तुझ्या सवयीप्रमाणे मी मॉनिटरचा आवाज अगदी बारीक केला होता. वाहिनीवर काम करताना टकटक ऐकू आली की तुझा हात दचकतो, म्हणून आपलं ठरलेलं होतं: आवाज बंद, तुझे कान मी.

११:०८. त्र्याण्णव. ऑक्सिजन शंभर टक्के केला.

११:०९. एकोणनव्वद. मॉनिटर बोंबलणार तोच मी बटण दाबून गप्प केला. ते सवयीने. इथे मी बोलायचं, हेही ठरलेलं होतं. मी तुझ्या मानेकडे बघितलं आणि गप्प राहिले.

११:१०. मोठ्या परिचारिकाबाईंनी तुला विचारलं, "पुढच्या पेशंटला वर बोलवू का?" तू म्हणालीस, "दोन मिनिटं." चौकशीत त्या म्हणाल्या की सर्जनबाई 'दोन मिनिटं' म्हणाल्या होत्या. खरंच म्हणाल्या होत्या. कुणाला म्हणाल्या, ते कुणी विचारलं नाही. त्या वारल्या गेल्या वर्षी.

११:११. चौऱ्याऐंशी. मी नळीतून दुर्बीण घातली. तू फुप्फुस ओढून धरलं होतंस, त्या ओढीने नळी सेंटिमीटरभर आत सरकली असणार, एवढं मला कळत होतं. असं होतं, त्यात कुणाचा दोष नाही. तू दहा सेकंद हात सैल केला असतास तर मी ती जागेवर आणली असती. पण सैल कर म्हणायचं म्हणजे बोलायचं. मी तुला न सांगता एकटीने निभवायला बघत होते. दुर्बिणीत नुसतं लाल दिसत होतं.

११:१२. अठ्ठ्याहत्तर. वरच्या, रिकाम्या फुप्फुसात हवा भरली असती तर आकडा चढला असता. पण ते तुझ्या हाताखाली फुगलं असतं आणि वाहिनी फाटली असती. म्हणजे तिथेही आधी बोलायला हवं. आता मला बोलायचं होतं, ठिणगी. पण आता बोलले तर तू विचारणार, "इतका वेळ काय करत होतीस?" या प्रश्नाला भिऊन मी आणखी दोन मिनिटं घालवली. रुसव्याने तीन घालवली, भीतीने दोन.

११:१३. सत्तर. नाडी बावन्न, मग चाळीस.

११:१४. एकसष्ट. तू स्वतःच मान वर केलीस. म्हणालीस, "ताई, रक्त काळं का दिसतंय?"

तेव्हा मी म्हटलं, "सोड. सगळं सोड." तू त्याच क्षणी सोडलंस. हे नीट वाच. मी बोलले त्याच क्षणी तू सोडलंस. आत हात असताना तुला माणसाचा आवाज ऐकू आला.

११:१५ ला हृदय थांबलं. तू ते मुठीत घेऊन दाबत राहिलीस आणि मी नळी मागे घेऊन दोन्ही फुप्फुसं फुगवली. ११:१८ ला ते आपण होऊन चालू लागलं.

ही मिनिटं. यात तुझ्या बाजूला एकही नाही.

आईला सांगितलं. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "लहानपणापासून हीच खोड तुझी. रुसलीस की पाणीसुद्धा मागायची नाहीस, मी विचारेपर्यंत तशीच बसायचीस."

मी म्हटलं, "हो."

"पण तेव्हा तहान तुझी असायची," ती म्हणाली, आणि उठून गेली.

ताई

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ठिणगी,

तुझं उत्तर नाही. मी थांबणार नाही. जे करायचं ते तुझ्या परवानगीने करायचं नाहीच.

सोमवारी लांब्याकडे गेले. टेबलावर माझा जबाब ठेवला, चार पानी, सहीसकट. त्याने वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"मॅडम, हे कशाला? पाच महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला."

"म्हणूनच. नंतर दिला तर म्हणतील, म्हातारीला भ्रम झालाय."

"पण रुग्णाच्या बाबतीत आता काही बदलणार आहे का? आणि धडा तर बरोबरच आहे."

"धडा खोटा आहे."

"उपयोगी आहे ना पण! त्या मुलीने परवा..."

"लांब्या, खाली बस."

बसला. तोंडाने मॅडम म्हणतो, प्रमुख झालाय, पण बस म्हटलं की अजून बसतो. मी त्याला म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडणं सोपं असतं रे. ज्याने दोनदा सांगितलंय त्याच्या घशाला वाट झालेली असते. अडतं ते पहिल्या वेळेला. तिथे माणूस लाजतो, भितो, कुणावर तरी डूख धरून असतो, कुणाच्या तरी मर्जीतून उतरायचं नसतं. सात वर्षं मी पोरांना तिसरी पायरी शिकवतेय आणि मी स्वतः पहिलीच चढले नव्हते. ते पान काढ. नवं मी लिहून देते. त्यात असं लिहीन की भूलतज्ज्ञ रुसली होती.

"असं छापायचं?" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"असंच. 'संवादाचा अभाव' वगैरे लिहिलंस तर बघ."

तो हसला नाही. जबाबाची पानं जुळवत म्हणाला, "त्या दिवशी मी पण हसलो होतो, मॅडम. भूल की भीती म्हणाल्या तेव्हा."

"हसण्यासारखंच होतं ते," मी म्हटलं. खरंच होतं.

जबाब वर गेला. नवी चौकशी बसली. मला थिएटरला जायला मनाई झाली, त्याच दिवशी दुपारपासून. कपाट रिकामं करायला सांगितलं. एकतीस वर्षांत तीन जोडी चपला, एक छत्री आणि तुझी एक केसांची पिन निघाली.

बुधवारी घड्याळवाल्यांकडे गेले. रुग्णाला मी मनात घड्याळवालेच म्हणते, आपण तेव्हा म्हणायचो तसं. दुकान तेच आहे, वर घर. आता गल्ल्यावर त्यांची बायको बसते. पट्टे बदलते, सेल घालते. डोळ्याला लावायचं ते भिंग खिळ्याला अडकवलेलं आहे. ते स्वतः आत खुर्चीवर होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोलणं एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. वय त्रेपन्न.

बाई मला ओळखेनात. "कुठल्या तुम्ही? कापणाऱ्या की झोपवणाऱ्या?"

"झोपवणारी."

"मग तुमचं काय! चूक तर त्या दुसरीची होती."

"नाही. तिची नव्हती. माझी होती. तेच सांगायला आलेय."

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच, कारण त्यांनी बसा म्हटलं नव्हतं. मधे एक गिऱ्हाईक आलं, भिंतीवरचं घड्याळ घेऊन. बाईंनी त्याला "उद्या या" म्हणून घालवलं आणि शटर अर्धं ओढलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सात वर्षं. सात वर्षं मी रोज तुमच्या बहिणीच्या नावाने बोटं मोडतेय. ह्यांना आंघोळ घालताना, शर्टाची बटणं लावताना. तिचे हात झडोत म्हणते. आता ते सगळं मी परत कसं घेऊ, सांगा?"

"माझ्या नावाने मोडा."

"सोपं आहे होय? तुमच्यावर मला अजून राग यायचाय. तो यायला वेळ लागेल." मग पट्ट्यांचा डबा उगाचच उघडला आणि लावला. "सात वर्षांपूर्वी का नाही आलात?"

"भ्याले."

"आणि आता?"

"आता बहिणीने काम सोडलंय. माझ्या खोट्यापायी. तुमच्यासारखी माणसं तिच्या हाताशिवाय राहतायत."

"म्हणजे आमच्यासाठी नाहीच आलात." बाई हुशार आहेत. मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "बरं झालं, खरं तरी बोललात. नवी चौकशी बसलीय म्हणता ना? मी येणार. ह्यांनाही आणणार. तुमच्या तोंडावर सगळं बोलणार आहे."

"या. मी तारीख कळवते."

तेवढ्यात आतून ते बोलले. "त्यांनी... हात... घातला होता ना? माझ्या... छातीत?"

मी म्हटलं, "हो. तीन मिनिटं."

"त्या... धाकट्यांनी?"

"हो. धाकटीने."

त्यांनी डावा हात छातीवर ठेवला. सावकाश हसले, एका बाजूने. "त्यांना... सांगा... चालतंय."

बाई त्यांच्यावर ओरडल्या, "तुम्ही गप्प बसा हो!" आणि मग पदराने डोळे पुसले.

निरोप पोचवला. त्यात माझं काही नाही.

ताई

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

ठिणगी,

तुझं पत्र काल आलं. या वेळी पूर्ण पान आहे. मी ते तीनदा वाचलं.

तू लिहिलंस की माफ केलेलं नाही, आणि करशील असं वाटत नाही. मी मागितलेली नाही. मागितली असती तर ती तुला द्यावी लागली असती. तू मनाने मऊ आहेस, ते ओझं तुझ्यावर कशाला.

तू लिहिलंस की सात वर्षं तू ऑपरेशन करताना दर पाच मिनिटांनी थांबून विचारत होतीस, "कुणी काही म्हणालं का?" आणि तिथली माणसं तुला मागून 'कायम्हणालंबाई' म्हणतात. हे वाचून मी उठून खिडकीशी गेले.

तू लिहिलंस की विभागाला हो कळवलंस. गुरुवारी, नऊ तारखेला पहिलं फुप्फुस. एकसष्ट वर्षांचे शाळामास्तर, डाव्या बाजूला खालची पाकळी. आणि शेवटी लिहिलंस, "तू येऊ नकोस." नाही येणार. मनाई नसती तरी आले नसते.

चौकशीचं सांगते, कारण कागद तुझ्याकडेही येतील. सोमवारी झाली. घड्याळवाल्यांच्या बाई आल्या होत्या, बोलल्या, कुणी त्यांना थांबवलं नाही. मी सगळं मान्य केलं. माझं थिएटर संपलं, निवृत्तीपर्यंत आणि नंतरही, आणि परवान्याचं वरचे लोक ठरवतील. जुन्या निकालातून तुझ्या नावापुढचा शेरा काढायचा असं एकमताने ठरलं. लांब्याने स्वतः ते वाक्य लिहून घेतलं. त्याच्या हस्ताक्षरात ते सात ओळी झालं, तो अजून तसाच पाल्हाळ लावतो. पुस्तिकेचं पान बदललं. 'रुसली होती' हे शब्द राहिले. कायदा बघणाऱ्या बाईंनी 'नाराज' सुचवलं होतं. मी म्हटलं, नाराज माणूस बोलतो, रुसलेला बोलत नाही.

आता गुरुवारचं.

तुझ्याकडचा भूल देणारा तरुण आहे, हुशार आहे आणि फार नम्र आहे, असं तू लिहितेस. नम्र आहे हे मला आवडलं नाही. डोक्याशी बसणारा माणूस जरा उद्धट असलेला बरा. हात धुण्याआधी त्याच्याकडे जा. मॉनिटरचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल इतका ठेवायला सांग. तुझा हात दचकेल. दचकू दे, दोन दिवसांत सवय होते, बाकी साऱ्या जगाला झालेली आहे. आपलं ते ठरवणंच मुळात चूक होतं आणि ते मी मान्य केलं होतं, कारण तुझे कान होण्यात मला मोठेपणा वाटत होता.

त्याला सगळ्यांसमोर सांग की ब्याण्णवलाच बोलायचं. एकदा मुद्दाम बोलायला लाव, सगळं ठीक असताना. "बाई, थांबा," एवढं त्याच्या तोंडून निघू दे आणि तू खरोखर थांब. हात बाहेर काढून दाखव. मग त्याला कळेल की बोललं की काय होतं.

मास्तरांना कुशीवर वळवल्यावर नळी पुन्हा दुर्बिणीतून बघायला लाव, आणि फुप्फुस ओढायच्या आधी त्याला सांगून ओढ. मास्तर सिगारेट ओढायचे का, किती, ते घरच्यांना विचार, त्यांना नको. मास्तर लोक खोटं बोलतात. त्यांचं उजवं फुप्फुस एकट्याने किती चालेल ते बुधवारी जिन्यावर चढवून बघ, नुसत्या कागदावर जाऊ नकोस. दोन मजले न थांबता चढले तर ठीक. नाही चढले तर मोजून, मधे मधे फुगवून काम कर, आणि जास्त वेळ लागला तर लागू दे.

आणि तो मुलगा चुकून उगाच थांबवील. एकदा, दोनदा, आकडा आपोआप वर येईल आणि तुला राग येईल. तुझ्या जिभेवर काहीतरी येईल, नेमकं, हशा पिकवणारं. ते गिळ. 'बरं केलंस' म्हण आणि पुढे जा. तुझा त्या दिवशीचा विनोद हे कारण नव्हतं, हे मी जबाबात लिहिलंय आणि इथेही लिहिते. पण गिळ.

मला कसं झालं ते कळवायचं नाही. फुप्फुस पुन्हा नीट फुगलं, मास्तर स्वतःच्या श्वासावर आले, की मास्क खाली कर आणि दाराबाहेर जा. त्यांच्या घरची माणसं बाकावर बसलेली असतील. आधी त्यांना सांग.

ताई